साहेबांशी वाजलंय: अर्ज द्यावा की समोर जाऊन बसावं?

बेळगावच्या कारखान्यांत, उद्यमबागेत काय, मच्छेत काय, भांडण पेटायची वेळ ठरलेली: महिनाअखेर. डिस्पॅच अडकलेला, रिजेक्शन वाढलेलं, मालकांचा फोन दर तासाला. त्या आठवड्यात कुणीतरी कुणावर तरी ओरडतंच. तेवढ्यावरून साहेब वाईट ठरत नाही. खरा प्रश्न त्या साहेबाचा, जो पाच तारखेलाही तसाच बोलतो आणि चार पोरांसमोर बोलतो. त्याच्याशी एकदा चांगलंच वाजलं की दोन वाटा उरतात. वर लेखी अर्ज द्यायचा, नाहीतर केबिनचं दार लावून समोर बसायचं. मी दुसरी धरली. तुम्हीही तीच धरा असा आग्रह नाही, खरं माझं कारण ऐकून घ्या.

अर्जाची बाजू लंगडी नाही. कागदावर तारीख राहते, पोच घेता येते, उद्या कुणी ‘मी असं बोललोच नाही’ म्हणू शकत नाही. शिवाय आपल्याकडे साहेब कानडी, आपण मराठी, आणि भांडण हिंदीत. तोंडी भांडणात निम्मं सांगायचं राहून जातं. रात्री घरी बसून लिहिलं की डोकं शांत असतं.

काही प्रकरणांत तर अर्जाला पर्यायच नाही. हात उगारला, जातीवरून बोलला, पगारातून पीएफ कापून भरला नाही, खोट्या तपासणी अहवालावर सही मागितली, तर समोर बसून गोडीगुलाबीने मिटवायला जाऊ नये. बाईमाणसाला त्रास देण्याचा प्रकार असेल तर 2013च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे तक्रार लेखीच जाते, तीही घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तिथे माझी आवडनिवड बाजूला.

आता रोजच्या भांडणांचं बघू. आवाज, अपमान, शिफ्टची वाटणी, दुसऱ्याची चूक आपल्या नावावर. इथे अर्जाची एकच गोष्ट मला खटकली, आणि तिनेच माझा निकाल लावला. अर्ज फिरून त्याच साहेबाच्या टेबलावर येतो.

आधीच्या कारखान्यात मी हे जवळून पाहिलंय. तिथे एचआर म्हणजे हिशेब सांभाळणारा गृहस्थच. त्याने अर्ज घेतला, पुढे पाठवला. वरून कोपऱ्यात दोन शब्द लिहून आले, ‘बघून घ्या’. कुणी बघायचं? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच. मधल्या काळात त्याच्याच हाताखाली शिफ्ट चालू. तो काही बोलत नाही, फक्त मस्टरवर उशिराची वेळ मिनिटासकट लिहायला लागतो, ओव्हरटाइम दुसऱ्याला जातो, सुट्टीचा अर्ज ड्रॉवरमध्ये पडून राहतो. यातलं काहीही सिद्ध करता येत नाही. मोठ्या कंपन्यांत हे वेगळं चालत असेलही. आपल्याकडच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, आणि मशीनशॉपमध्ये साहेब मालकाचा मेहुणा निघण्याचीच शक्यता जास्त.

समोर बसण्यात हा फेरा नाही. माझं प्रकरण ब्लोहोलचं, म्हणजे ओतलेल्या मालात भोकं पडल्याचं होतं. माल परत आला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर आमच्या रात्रपाळीला झोडपलं. मी तिथे उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचची गाडी गेल्यावर केबिनमध्ये गेलो, सोबत साच्याच्या वाळूच्या ओलाव्याच्या नोंदींचं रजिस्टर. वाळूत पाणी जास्त झालं की वाफ अडकते आणि कास्टिंगला भोकं पडतात, हे त्यांनाही ठाऊक. ओलावा दिवसपाळीतच वाढलेला दिसत होता. मी तेवढंच दाखवलं आणि म्हटलं, ‘साहेब, चूक असेल तर इथे बोलवून सांगा, पोरांसमोर नको.’ मागच्या दिवाळीचं, बोनसचं, काही काढलं नाही. ते बराच वेळ रजिस्टर चाळत बसले. माफी काही मागितली नाही, आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. खरं त्यानंतर बोलावणं केबिनमधून यायला लागलं. माझ्यापुरतं एवढं पुरे होतं.

यात धोका आहे, नाही असं नाही. साहेब तापटच असेल तर आत पुन्हा वाजू शकतं, आणि साक्षीला कुणी नसतं. म्हणून बाहेर आल्यावर एक साधा मेसेज टाकून ठेवावा: ‘आज बोलल्याप्रमाणे ओलाव्याची नोंद दोन्ही पाळ्यांत घेतो.’ तक्रारीचा सूर नको, नुसती नोंद. पुढे कधी अर्ज द्यावाच लागला तर हाच कागद होतो.

मध्ये माणूस घालण्याचा मोह मात्र आवरा. गावातले कुणी मामा, कुणी पुढारी, आनंदाने येतात. साहेब कानडी आणि तुम्ही मराठी असलात तर ओल्या वाळूचं भांडण संध्याकाळपर्यंत सीमाप्रश्नाचं होतं. मग साहेबाला मागे हटता येत नाही आणि तुम्हालाही.

राजीनामा ही तिसरी वाट. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीला किंवा हायवेने कागलच्या एमआयडीसीत काम मिळेलही, तेव्हा ऑफर हातात घेऊनच बोला. साहेब तिथेही असणार.

एक अपवाद लक्षात ठेवा. मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस हातात आली असेल तर समोर बसण्याची वेळ गेली. दिलेल्या मुदतीत लेखीच उत्तर द्या, पोच घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. चौकशी होईपर्यंत निलंबित केलं, तर स्थायी आदेश (कामाच्या अटींची कायदेशीर नियमावली) लागू असलेल्या कारखान्यात कामगाराला पहिले 90 दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाहभत्ता मिळतो. पुढे चौकशी कामगारामुळे लांबलेली नसेल तर 75 टक्के. मेमो आलेला नसेल, तर महिनाअखेर टाळा आणि पाच-सहा तारखेला, गाडी गेल्यावर, रजिस्टर घेऊन आत जा.