रेप्टाइल डेटाबेस: नावांचा गुंता सोडवायला उत्तम, साप ओळखायला नाही

दिवड एका पुस्तकात 'नॅट्रिक्स पिस्केटर', दुसऱ्यात 'झेनोक्रोफिस पिस्केटर' आणि नव्या यादीत 'फाउलिया पिस्केटर'. साप तिन्हीकडे तोच! अशा वेळी १९९५ पासून चालू असलेलं 'रेप्टाइल डेटाबेस' हे फुकट संकेतस्थळ उघडावं. सरीसृपांच्या, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या, १२,००० हून जास्त प्रजाती इथे आहेत.

थेट 'अ‍ॅडव्हान्स्ड सर्च'वर जा. जुनं नाव जीनसच्या (शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाच्या) रकान्यात टाकलंत तर हवा तो साप हाती लागत नाही, कारण तिथे फक्त आजची नावं चालतात. ते 'सिनॉनिम'मध्ये, म्हणजे जुन्या-पर्यायी नावांच्या रकान्यात टाका. वितरणाच्या (प्रजाती कुठे सापडते त्या) रकान्यात महाराष्ट्र आणि वर्षाच्या रकान्यात २०१६ लिहिलं की त्या वर्षी वर्णन झालेल्या आपल्या राज्यातल्या प्रजाती येतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा निळ्या-काळ्या-लाल गळपंख्याचा (गळ्याखालच्या पंख्यासारख्या कातडीचा) 'सरडा सुपर्बा' त्यातलाच. हो, जीनसचं नावच आपल्या मराठी 'सरडा'वरून ठेवलंय. लिहायचं सगळं इंग्रजी लिपीत. देवनागरीत 'घोणस' शोधून उपयोग नाही.

वर्गीकरणाची मांडणी नेटकी आहे. पाली, सरडे आणि साप एकाच गणात, म्हणजे स्क्वामाटात. साप मुळात सरड्यांच्याच वंशातले. कासवं आणि मगरी वेगळ्या गणांत, आणि न्यूझीलंडच्या तुआटारा या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा गण त्याच्या एकट्याचा. मात्र पक्षी इथे नाहीत. मगरीचं नातं पालीपेक्षा पक्ष्यांशी जवळचं, त्यामुळे वंशावळीने पाहिलं तर पक्षीही सरीसृपांतच बसतात. त्यांना वगळणं ही निव्वळ सोय आहे. इथली यादी उतरवून शाळेचा तक्ता करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दारात आलेला साप बिनविषारी कवड्या की विषारी मण्यार, हे मात्र इथे ठरवायला बसू नका. काही पानांवर खवल्यांचे आकडे आहेत, काहींवर नुसती नावं आणि संदर्भ. मण्यारीच्या पाठीवरची मधली ओळ मोठ्या षट्कोनी खवल्यांची असते, कवड्याची नसते. पण दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवणारं पान इथे नाही. वितरणही बहुधा राज्यापुरतंच, तालुका सापडणार नाही.

नाव उतरवताना लेखक आणि वर्षाभोवतीचा कंस गाळू नका. 'फाउलिया पिस्केटर (श्नायडर, १७९९)' यातला कंस सांगतो की श्नायडरने ही प्रजाती वेगळ्या जीनसमध्ये नोंदवली होती.