एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी सिक्युअर बूट बंद करावे का?

विंडोज ११ शेजारी लिनक्स बसवले, एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातला, संगणक पुन्हा सुरू केला आणि पडदा कमी रिझोल्यूशनवरच अडकून राहिला, असा अनुभव अनेकांना येतो. टर्मिनलमधून त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) चढणारा भाग, हाताने चढवून पाहिले, तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर मिळते. ड्रायव्हरमध्ये बिघाड नसतो. त्यावर कर्नलच्या ओळखीची डिजिटल सही नसते, एवढेच. संगणक सुरू होताना अशी ओळखीची सही नसलेला कोड अडवणारी व्यवस्था म्हणजे सिक्युअर बूट. अशा वेळी सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘सिक्युअर बूट बंद करून टाका’. माझ्या मते इतर मार्ग चालले नाहीत, तरच त्याकडे वळावे.

एएमडी किंवा इंटेलचे ग्राफिक्स असेल, तर हा पेच सहसा पडतच नाही, कारण त्यांचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच असतात आणि डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा प्रकार) कर्नलबरोबर त्यांच्यावरही सही करते. एनव्हिडियाचे मॉड्यूल मात्र बाहेरून येते. २०२२ मध्ये कंपनीने त्याचा सोर्स कोड खुला केला, तरी ते मूळ कर्नलचा भाग झाले नाही आणि सहीचा प्रश्न तसाच राहिला.

सिक्युअर बूट बंद करण्याचे फायदे खरे आहेत. फर्मवेअरमध्ये (बायोस/यूईएफआयमध्ये) एक सेटिंग बदलले की काम होते, मॉड्यूल कसेही बांधलेले असले तरी चढते, आणि ज्या डिस्ट्रो सिक्युअर बूट चालू असताना कर्नल लॉकडाउन (कर्नलमध्ये फेरफार रोखणारे निर्बंध) लावून हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करणे) अडवतात, तिथे तेही पुन्हा मिळते. मात्र त्याची किंमत विंडोजच्या बाजूला मोजावी लागते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) चालू असेल, तर हा बदल टीपीएम या सुरक्षा चिपच्या लक्षात येतो आणि विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल, तर स्वतःचाच डेटा कुलपाआड जातो. काही ऑनलाइन खेळांची अँटी-चीट यंत्रणाही सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय खेळ सुरू होऊ देत नाही.

सिक्युअर बूट चालू ठेवायचे असेल, तर सर्वांत कमी त्रासाचा मार्ग उबुंटूमध्ये आहे. तिथे आधीच बांधलेली आणि उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची सही असलेली एनव्हिडिया मॉड्यूल भांडारातून मिळतात. अट एवढीच, की कर्नलही उबुंटूचेच हवे. अगदी ताजी आवृत्ती तिथे यायला वेळ लागू शकतो, पण रोजच्या कामासाठी मला ही तडजोड मान्य आहे.

फेडोरासारख्या डिस्ट्रोत, किंवा डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) मॉड्यूल आपल्याच संगणकावर बांधले जात असेल तर, स्वतःची किल्ली, म्हणजे मशीन ओनर की (मॉक), नोंदवावी लागते. मोकयुटिल या टर्मिनलमधल्या आज्ञेने किल्ली आयात करताना एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी निळा पडदा येतो आणि कोणतेही बटण दाबण्यासाठी काही सेकंद मोजू लागतो. तेवढ्यात बटण दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. नेमके इथेच लोक चुकतात: सेकंद संपून जातात किंवा ‘कंटिन्यू बूट’ निवडले जाते, किल्ली नोंदलीच जात नाही, आणि दोष ड्रायव्हरच्या माथी येतो. या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्डात साधी अक्षरे आणि अंकच ठेवावेत.

या मार्गाची एक उणीव सांगायलाच हवी. सही करणारी खाजगी किल्ली बहुधा त्याच डिस्कवर राहते, त्यामुळे ज्याच्या हाती रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार गेले, तो आपल्या मॉड्यूलवरही सही करू शकतो. तरीही बूटलोडर आणि कर्नल यांची तपासणी कायम राहते आणि विंडोजला धक्का लागत नाही, म्हणून बंद करण्यापेक्षा मी हेच निवडेन. केवळ सहीची कटकट टाळण्यासाठी नूव्हो हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर वापरण्याचा पर्यायही आहे. तो कर्नलमध्येच असतो, पण कूडा (एनव्हिडिया कार्डावर गणिती कामे करण्याचे तंत्र) लागणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही आणि अनेक जुन्या कार्डांवर वेगही बराच कमी मिळतो.

नोंदवलेली किल्ली फर्मवेअरच्या स्मृतीत राहते, त्यामुळे ती स्मृती रीसेट झाली, तर सुरळीत चाललेला ड्रायव्हर अचानक पुन्हा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा ड्रायव्हर काढून नव्याने घालण्याच्या खटपटीत पडू नये. डिस्कवरचे त्याच किल्लीचे प्रमाणपत्र मोकयुटिलने पुन्हा आयात करून निळ्या पडद्यावर मंजूर करावे.