गेटवरचं ॲप घ्यावं का? एका खजिनदाराचा अभिप्राय

सोसायटीच्या गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणारं हे ॲप. त्याचं नाव लिहीत नाही. बाजारात अशी बरीच आहेत, थोड्याफार फरकाने सगळी एकाच साच्यातली, आणि माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही. सोसायटी मध्यम: तीन इमारती, दोन गेटं, दर पाळीला दोन वॉचमन. मी तिची खजिनदार, म्हणजे ॲपचं बिल माझ्याच सहीने जातं. नोकरी एसटी महामंडळात हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे नोंदींचं मला वावडं नाही. उलट नोंद नसली की मलाच चैन पडत नाही. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेलच की बाईंना मोबाइल जमत नसावा.

चांगलं ते आधी. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीची आठवण, हा भाग झकास आहे. पूर्वी चेक गोळा करायला जिने चढायचे आणि दारात "साहेब घरात नाहीत" ऐकून खाली यायचं, ते संपलं. पाण्याचा टँकर किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला हे कळतं, त्यामुळे पुरवठादाराच्या खेपा आणि आमच्या खेपा आता जुळतात. कुरिअरवाला आला की फोन वाजतो, पाहुण्याला आधीच कोड पाठवता येतो, मूल एकटं गेटबाहेर पडत असेल तर आईला विचारणा जाते. याबद्दल काही तक्रार नाही.

पण हे आम्हाला विकलं गेलं ते टँकरच्या नावावर नाही. सर्वसाधारण सभेत कंपनीचा मुलगा प्रोजेक्टर घेऊन आला. पहिल्याच स्लाइडवर कामवालीने दागिने लांबवल्याची बातमी, दुसरीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा खून. कुठल्या शहरातलं, कोणत्या साली, पुढे तपासात काय निघालं, काही नाही. हॉल चिडीचूप. मी विचारलं, आपल्याकडे गेल्या काही वर्षांत चोऱ्या किती झाल्या ते रजिस्टरमध्ये बघू या का? बघितलं. दोन सायकली आणि एक इन्व्हर्टरची बॅटरी. मोठी चोरी एकच, मागच्या कमिटीच्या काळात रंगकामाच्या बिलात जिरलेली रक्कम, आणि ती जिरवणाऱ्याला कोणत्याही ॲपने गेटवर अडवलं नसतं. तो फ्लॅटमालक होता. ठराव तरी बहुमताने मंजूर झाला.

महापालिकेच्या प्रचारात तेच प्रेझेंटेशन पुन्हा पाहिलं, फक्त प्रोजेक्टर नव्हता. उमेदवार आमच्या हॉलमध्ये आला आणि पहिलं वाक्य हेच: "बाहेरून लोक येतायत, कोण कुठला पत्ता लागत नाही." मग चौकाचौकात कॅमेरे, गेटला नवीन बूम बॅरियर, सोसायटीच्या नावाची एलईडी पाटी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीपलीकडच्या वस्तीतून आमच्या निम्म्याहून जास्त कामवाल्या येतात. तिथला प्रश्न सार्वजनिक संडासाचा आहे. दारं तुटलेली, पाणी नाही. त्याबद्दल उमेदवाराने चकार शब्द काढला नाही, आणि आमच्यातल्या कोणी विचारलंही नाही. भीतीचं राजकारण करणाऱ्याला गरिबाचा द्वेष करा असं सांगावंही लागत नाही. माणूस पत्ता नसलेला ठरला, की त्याचा संडास हा आपला विषय उरत नाही.

आता मुख्य भाग, ज्याच्यासाठी हा अभिप्राय लिहायला घेतला: 'डेली हेल्प'. कामवाल्या, ड्रायव्हर, गाडी धुणारे सगळे इथे. प्रत्येकाचा फोटो, आधार, कोड, येण्याजाण्याची मिनिटागणिक वेळ. महिन्याच्या शेवटी ॲप खाडे मोजून देतं. ही सोय लोकांना फार आवडली. फक्त खाडा कोणाचा हे ॲपला कळत नाही. समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब गोव्याला गेलं, जाताना बाईंना "पुढचा आठवडा येऊ नका" म्हणून गेलं. ॲपने तो आठवडा गैरहजेरीत धरला, आणि घरातल्यांनी स्क्रीन दाखवून तेवढे पैसे कापले. बाई म्हणाल्या, तुम्हीच सांगितलं होतं ना. उत्तर आलं, "आता त्यात दिसतंय ते असं दिसतंय, आम्ही काय करणार?" एसटीत आम्ही गाडी रद्द झाली म्हणून कंडक्टरचा पगार कापला असता तर डेपो बंद पडला असता.

तीच नोंद उलट्या बाजूने वाचली तर? आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी सकाळी आठच्या आत गेटवर असतात आणि दुपारी दोननंतर बाहेर पडतात. सहा तास, पाच घरं. या सहा तासांत त्या लघवीला कुठे जातात, हे त्या पाच घरांपैकी एकालाही माहीत नाही, मी धरून. माझ्याकडे जातात का, असं विचारलं तेव्हा हसल्या नुसत्या. वॉचमनच्या केबिनमागे संडास आहे, त्याला कुलूप असतं.

मग रेटिंग. घरवाल्यांनी कामवालीला तारे द्यायचे, शिवाय तयार शेरे आहेत: वक्तशीर, स्वच्छ, विश्वासू. दुसऱ्या घरी काम मागायला गेलं की आधी तारे बघतात. एका बाईंनी पगारवाढ मागितली आणि त्याच आठवड्यात त्यांचे तारे पाचावरून दोनवर आले. घराला तारे द्यायची सोय नाही. पगार दहा तारखेपर्यंत देतात का, शिळं अन्न 'घेऊन जा' म्हणून माथी मारतात का, अंगाला हात लावणारा माणूस घरात आहे का, हे पुढच्या बाईला कळायला ॲपमध्ये मार्ग नाही. ते त्या आपापसात जिन्यात सांगतात, आणि जिन्यात बोलत उभं राहायचं नाही अशी नोटीस मध्यंतरी लागली.

आणि गेटपास. कामवालीने काहीही बाहेर नेलं तर घरवाल्याने ॲपमध्ये वस्तूची नोंद करून फोटो टाकायचा, मग वॉचमन पिशवी उघडून ताडून बघणार. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मी मावशींना फराळाचा डबा, दोन साड्या आणि जुना मिक्सर दिला. नोंद केली, पण सर्व्हर अडकला आणि पास खाली पोचेना. खाली उतरले तर मावशी गेटच्या कडेला उभ्या, पिशवी टेबलावर रिकामी केलेली. मिक्सरचं भांडं वेगळं, झाकण वेगळं, साड्यांच्या घड्या मोडलेल्या, चिवड्याच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं. बाजूने गाड्या बाहेर पडत होत्या, डिक्या बंद. मावशी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही कशाला खाली आलात, फोनवर सांगायचं की त्याला." त्यांना लाज माझी वाटत होती. वॉचमन मान खाली घालून साड्यांच्या घड्या पुन्हा घालत होता. तो त्यांच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहतो. "मॅडम, न बघता सोडलं तर सुपरवायझर माझा दिवस कापतो." बारा तासांच्या पाळीचा तो दिवस. खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून स्वतंत्र कायदा आहे, मंडळ आहे, पण एजन्सीची बिलं पास करणाऱ्या कमिटीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. गरिबाची झडती गरिबाकडून घ्यायची, म्हणजे आपले हात स्वच्छ.

ॲपमध्ये आगंतुकाची वर्गवारी ठरलेली आहे: पाहुणा, डिलिव्हरी, कॅब, सेवा. बोहारीण यातल्या कशात बसत नाही. वासुदेवही नाही, धार लावणारा नाही, भंगारवाला तर नाहीच. वॉचमन त्यांना 'इतर'मध्ये टाकतो, आणि 'इतर'ला परवानगी कोण देणार? कोणत्या फ्लॅटकडे आलात, हा ॲपचा पहिला प्रश्न, आणि दारोदार फिरणाऱ्याकडे त्याचं उत्तर नसतं. शेवटची बोहारीण गेटवरून परत गेली त्याची नोंद मात्र आहे, फोटोसकट, आणि तो फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला: "ही बाई फिरतेय, मुलं सांभाळा."

हे वाचून मला हसू आलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच मजकुराने पाच माणसं मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतली, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागायला आलेली. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या ग्रुपला ती पुरेशी आहे.

आणि जमातीवर शिक्का मारून गेटवर हजेरी लावायची कल्पना काही स्टार्टअपची नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही. सोलापुरात त्यांना कुंपणात ठेवलं होतं, त्या वस्तीला आजही 'सेटलमेंट'च म्हणतात. कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. तेव्हाच्या हजेरीपटात तारे देण्याची सोय तेवढी नव्हती.

आमच्या प्लास्टरच्या कामावर पश्चिम बंगालमधल्या मालद्याचे गवंडी होते. बंगाली बोलतात म्हणून ग्रुपवर दोन दिवसांत ते बांगलादेशी झाले. कंत्राटदाराने त्यांची आधार कार्डं माझ्याकडे आधीच दिली होती, ती मी ग्रुपवर टाकली नाहीत, कारण ती टाकायची वस्तू नाही. २०१७ च्या जुलैत नोएडाच्या एका बड्या संकुलात हेच झालं होतं. कामवाली रात्रभर घरी परतली नाही, सकाळी वस्ती गेटवर धडकली, दगडफेक झाली. घरवाले म्हणाले तिने पैसे चोरले, ती म्हणाली थकलेला पगार मागितला म्हणून डांबून मारलं. खरं-खोटं राहिलं बाजूला, सोशल मीडियावर पुरी वस्ती बांगलादेशी ठरली. त्यातले बहुतेक पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारचे होते.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो वाया जाणाऱ्या नोंदीचा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. मंडळात नाव नोंदवायचं तर कुठे काम करता त्याचा मालकाचा दाखला लागतो. मावशी हा कागद घेऊन पाचही घरी फिरल्या. सही माझी मिळाली. बाकीच्यांचं उत्तर एकच, "उद्या आमच्या अंगाशी यायचं." तेच लोक त्यांचं आधार, फोटो, बोटाचा ठसा बिनदिक्कत साठवतात आणि 'पोलीस व्हेरिफिकेशन झालं का' म्हणून मागे लागतात. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, १८९ क्रमांकाचा, २०११ मध्ये झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून मान्यता दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं की या लोकांसाठी कायदा करायचा विचार करायला समिती नेमा. तोवर ॲपकडे प्रत्येक बाईचा मिनिटामिनिटाचा कामाचा पुरावा पडून आहे, आणि तो फक्त खाडे कापायला वापरला जातो.

तारे द्यायचेच तर बिलांना आणि टँकरला पाच, डेली हेल्पला एक. सरासरी मी काढणार नाही. दोन वेगळ्या वस्तू एकाच पॅकेटात घालून विकल्यात. घ्यायचं असेल तर घ्या, पण करार करताना गेटपास आणि रेटिंग बंद करायला सांगा. ते बंद होतं. ॲडमिनच्या सेटिंगमध्ये आहे, विक्रीवाला आपणहून दाखवत नाही. मालक सुट्टीवर असेल तर ती भरपगारी रजा धरायची, हेही हाताने बदलता येतं.

आमच्या ॲपच्या कराराचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे. मी कंपनीला लिहून दिलंय की कामवालीला तिच्या हजेरीचा छापील उतारा मराठीत, सोसायटीच्या शिक्क्यासकट, मागेल तेव्हा मिळाला पाहिजे. विक्रीवाला म्हणाला, "मॅम, असं अजून कोणी मागितलं नाही." वर विचारून सांगतो म्हणालाय. केबिनमागच्या संडासाच्या किल्लीसाठी कंपनीला विचारायची गरज नाही. तो विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, सहाव्या क्रमांकावर, पार्किंगच्या पट्ट्यांनंतर.