छत्रपती शिवाजी कॉलेज सातारा: पोरांना टाकायचं का?

दहिवडी-म्हसवड साइडचे बरेच जण विचारतात, बारावीनंतर पोरगं सातारला ठेवू की डायरेक्ट पुण्याला पाठवू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी तिथलाच माजी विद्यार्थी आणि आता पुतणी बीएला आहे, त्यामुळं माप थोडं झुकतं पडणार हे धरूनच वाचा.

पहिलं म्हणजे हे कॉलेज कुठल्या शेठचं नाय, रयत शिक्षण संस्थेचं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे आपल्या अण्णांनी, १९१९ ला कराडजवळच्या काले गावात ही संस्था काढली, १९२४ ला ती सातारला आणली, बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, आणि पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं तर मोडलंच, शेवटी मंगळसूत्र पण मोडलं. १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने बाकी असताना, हे कॉलेज सुरू झालं, ते पण कमवा आणि शिका या बोलीवर.

ती स्कीम आज बऱ्याच कॉलेजात आहे पण इथली बात वेगळी. सकाळी बागेत खुरपं चालवायचं नायतर लायब्ररीत पुस्तकं लावायची, रजिस्टरला तास लिहून सही ठोकायची आणि तसंच लेक्चरला पळायचं. आमच्या बाकावर नखात माती असलेला एक आणि बुलेटवर येणारा एक असे शेजारी शेजारी बसायचे, कुणाला त्याचं काय वाटायचं नाय. पैसे म्हणाल तर फार नाय मिळत, झेरॉक्स, वह्या, थोडाफार मेसचा खर्च निघतो. पण बापाकडं हात पसरायला लागत नाय ओ, ते कशात मोजणार?

२०२१ ला हे कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. आधी डिग्री कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असायची. आता सिलॅबस आपल्याच हातात आलाय तर त्यात माण-खटावचा दुष्काळ, कृष्णाकाठचा ऊस, आपली बोली हे सगळं दणकून यावं असं मला वाटतं. तिकडं अमेरिकेत नवाहो आदिवासींनी १९६८ ला स्वतःचं कॉलेज काढलं, आता त्याला डिने कॉलेज म्हणतात, आणि तिथं त्यांची भाषा, त्यांचा इतिहास हे मेन विषय म्हणून शिकवतात, साइडला नाय. स्वतःचं कॉलेज असल्यावर एवढं तरी करता आलंच पाहिजे.

चकाचक एसी क्लासरूम आणि पहिल्या वर्षापासून प्लेसमेंटची जाहिरातबाजी पाहिजे असेल तर पुणे बघा, तिथं फीचा आकडा ऐकून घाम फुटतो ती गोष्ट वेगळी. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स नीट करायचंय, पुढं एमपीएससी डोक्यात आहे आणि घरची शेती बेताची, तर बिनधास्त सातारा.

फक्त उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला लाइन लागते आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिप फॉर्म त्यावाचून अडतो. आणि कमवा-शिकाचं नाव ॲडमिशन घेतल्या घेतल्या द्या.