अर्ध्या हळकुंडानं पिवळी

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीची पोती आली की हात घालून मूठभर हळकुंडं काढायचे, त्यातलं एक कट्कन मोडायचे, आतला रंग बघायचे आणि मगच वहीत आकडा टाकायचे. मी स्वतः एकतीस वर्षं सहकारी बँकेत काउंटरला होते. खाडाखोड केलेले चेक, न जुळणाऱ्या सह्या लांबून ओळखायचे. अशा घरातल्या, अशा नोकरीतल्या बाईनं, पुस्तक काढून देतो म्हणणाऱ्या फोनवरच्या एका गोड आवाजाला चार हप्त्यांत ६६,९३० रुपये दिले. घरात आजवर निम्माच आकडा सांगितला होता, बाकीचा त्यांना इथेच कळेल. मिरजेच्या एका कवयित्रीला त्याच आवाजाचा फोन आल्याचं परवा समजलं, तेव्हा म्हटलं, आता लाज पुरे.

माझा कथासंग्रह मी २००९ साली स्वतःच काढला होता. गावभागातल्या प्रेसमध्ये ५०० प्रती छापल्या. प्रुफं कापडी पिशवीतून न्यायची, लाल पेनानं तपासून परत द्यायची. कागद कुठला, बाइंडिंगवाला कोण, मुखपृष्ठाचे किती, सगळं माहीत असायचं, कारण सगळी माणसं चार गल्ल्यांत होती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, वगैरे घेतलाच नाही, गरजही वाटली नाही. बँकेत, भिशीत, अगदी हळदीकुंकवालासुद्धा प्रती विकल्या.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत उरलेल्या प्रती होत्या आणि एका कादंबरीचं हस्तलिखित. शाईपेनानं लिहिलेलं. पानं गच्चीवर सुकवून बघितली, नुसते निळे ढग उरले होते. त्यानंतर पाच वर्षं मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही.

निवृत्तीनंतर तीच कादंबरी पुन्हा मांडली. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरची, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांवरची आहे. पेव उघडल्यावर आधी आत कंदील सोडतात, तो विझला तर माणूस उतरत नाही, त्या प्रसंगानं सुरुवात होते. बँकेत शिकलेल्या श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात स्वतः टाइप केली. पहिलं प्रकरण भीतभीत फेसबुकवर टाकलं. २०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती.

चौथ्या दिवशी फोन. "मॅडम, आमच्या संपादक मंडळानं तुमचं प्रकरण वाचलं. तो कंदिलाचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला." पाच वर्षांत माझ्या लिखाणाबद्दल कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. मी फोन कानाला लावून गॅलरीत गेले, आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. (मिरजेच्या बाईंनाही 'अंगावर काटा आला' असंच सांगितलं होतं. त्यांची कविता चिमण्यांवरची आहे.)

त्या प्रकाशनाकडे पुस्तक काढून द्यायचे सिल्व्हर, गोल्ड असे प्रकार होते. मी गोल्ड घेतलं. ३८,५०० रुपयांत ५०० प्रतींची आवृत्ती, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, किंडलवर ई-बुक, देशभर वितरण. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,९३० रुपये. मग आयएसबीएनची 'तातडीची शासकीय फी' ४,५०० रुपये. कॉपीराइट नोंदणीचे ६,००० रुपये. आणि शेवटचे ११,००० रुपये ज्यासाठी गेले, ते सगळ्यात जास्त लागलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं आणि अध्यक्ष होत्या आमच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर. गावात त्या दिवसांत जो तो आपल्याच घरचं कार्य असल्यासारखा बोलत होता. त्या आवाजाला हे बरोब्बर माहीत होतं. "मॅडम, सांगलीच्या अध्यक्षा आणि सांगलीच्याच लेखिकेचं पुस्तक आपल्या स्टॉलवर, योग आहे हो." मी रात्रीच पैसे पाठवले. गुडघ्यामुळे मला जाणं शक्य नव्हतं, पण शेजाऱ्यांची मुलगी दिल्लीत नोकरीला आहे, ती गेली. ग्रंथप्रदर्शनात दोन चकरा मारून तिनं कळवलं, या नावाचा स्टॉल नाही. मी त्यांना विचारलं तर तासाभरात फोटो आला. स्टँडवरची सगळी पुस्तकं तिरकी आणि त्यातलं माझं मुखपृष्ठ तेवढं सरळ. चिकटवलेलं.

एवढ्यावरही मी गप्प बसले. का, ते सांगते. विचारायचं कुणाला? प्रेसवाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आमच्याकडं का नाही आलात? लिहिणाऱ्या मैत्रिणी होत्या, त्या या पाच वर्षांत बऱ्याच पुढे गेलेल्या. त्यांच्यापुढे 'आयएसबीएन कसा काढतात गं' असं विचारायची मला शरम वाटली. खंड पडलेल्या माणसाला वाटतं, मधल्या काळात जग बदललं, आता असंच असेल. हे बदललेलं जग त्या आवाजानं मला हवं तसं रंगवून दाखवलं.

मार्चमध्ये पार्सल आलं. आत २५ प्रती. पहिलं पान उघडलं आणि 'बाजारात गदीर् होती' असं वाक्य दिसलं. पुढे 'कजर्', 'सवर्', 'मागर्'. श्रीलिपीची फाइल त्यांनी कुठल्याशा कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये ओढली होती आणि एकाही माणसानं ती वाचली नव्हती. १८४ पानांत एकही रफार जागेवर नाही. अंगावर काटा येणाऱ्या संपादक मंडळाचं मुद्रितशोधन ते हे.

उरलेल्या ४७५ प्रतींचं विचारलं तर आवाज तोच, गोडवा कमी. "मॅडम, करार वाचा." वाचला. जाहिरातीत '५०० प्रतींची आवृत्ती' होती, करारात '५०० प्रतींपर्यंत, मागणीनुसार'. 'पर्यंत' या एका शब्दावर माझे पावणेपाचशे अडकले. मागणीनुसार छपाई ही पद्धत वाईट नाही, खूप लोक उत्तम वापरतात, पण मग आवृत्तीचे पैसे कशाचे घेतले? सातव्या पानावर याहून मोठं होतं. सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. पुस्तकाच्या श्रेयपानावरही कॉपीराइटच्या खुणेपुढे त्यांचंच नाव. माझं पुस्तक मला परत हवं असेल तर 'हक्कमुक्ती'चे २५,००० रुपये. ते मात्र मी दिले नाहीत.

त्या रात्री वडिलांसारखं एकेक हळकुंड मोडायला घेतलं, चार महिने उशिरा.

आधी बिल. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. बिलावरचा क्रमांक मोजला तर चौदाच. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही क्रमांक टाकून मालकाचं नाव बघता येतं, हे मला नोकरीत असतानाही माहीत होतं! छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, अशा सेवांवर लागतो, त्यामुळे कर लावला म्हणजे लबाडी असं समजू नका. क्रमांक खरा आहे का, एवढं बघा.

मग आयएसबीएन. तेरा अंक, सुरुवात ९७८-९३ अशी, म्हणजे वरकरणी भारतीयच. पण शेवटचा अंक हा ताळ्याचा असतो. पहिला अंक जसाच्या तसा, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा जसाच्या तसा, चौथ्याची तिप्पट, असं तेराव्यापर्यंत करून बेरीज घ्यायची, ती दहानं पूर्ण भागली गेली पाहिजे. कॅश टॅली करायची सवय असलेल्या बाईला हे दोन मिनिटांचं काम. माझी बेरीज ११७ आली. पुन्हा केली, ११७. क्रमांक चक्क मनानं लिहिलेला होता. खरा क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन, लेखकालाही स्वतःच्या नावानं करता येतो आणि त्याला फी नाही. शून्य रुपये. माझे ४,५०० गेले.

कॉपीराइटही तसाच. आपण लिहिलं की हक्क आपला, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. किंडलवर मराठी ई-बुक स्वतःचं खातं काढून फुकट चढवता येतं. मी पैसे मोजले ते बहुतेक स्वतःच्या अज्ञानाचे.

'लेखक डॅशबोर्ड' नावाचं एक पान ते दाखवायचे, त्यावर विक्रीचा आकडा. रोज सकाळी चहाबरोबर तो बघायची मला चटकच लागली होती. पण जुनी खोड, आकडा डायरीत लिहून ठेवायची. नंतर पानं चाळली तर रोज चार. रविवारी चार, धुळवडीला चार. हळद तरी अशी विकते का?

वकील भाच्याला करार दाखवला. तो म्हणाला, "मावशी, यावर तुझी सही कुठंय?" सही नव्हती, मी मोबाइलवर 'मान्य' दाबलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी दस्त आणि हक्क देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षंच धरतात, पण इथे 'कायमस्वरूपी' लिहून ठेवल्यानं ती सवलत उपयोगाची नाही. नुसत्या 'मान्य'ला सही म्हणायचं का, यावर भांडता येईल असं त्याचं मत आहे.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पण पहिला प्रश्न 'पैसे कधी पाठवले' हाच होता. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खातं गोठवायची आशा असते, मी चार महिन्यांनी केलेला. म्हणून ग्राहक आयोगाकडे गेले. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार दाखल आहे, तारखा चालू आहेत. चॅट, पावत्या, तो चिकटवलेला फोटो, डायरीची पानं, सगळं जोडलं आहे. तुम्हीही चॅट पुसू नका, मी चिडून निम्मं पुसलं होतं, मुलानं बॅकअपमधून काढून दिलं.

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणं हा उघड धंदा आहे आणि तो सचोटीनं करणारेही आहेत. ते छापलेली पुस्तकं आधी हातात देतात, प्रुफं दाखवतात, पैसे टप्प्यानं घेतात, आणि 'उद्याच्या आत भरा' असं म्हणत नाहीत. मला हे २००९ मध्ये माहीत होतं.

गेल्या आठवड्यात गावभागातल्या त्या प्रेसमध्ये गेले. जुने मालक आता बसत नाहीत, मुलगा बघतो. त्यानं त्या २५ प्रतींतली एक हातात घेतली, पानं फर्रकन सोडली, कागदाला बोट लावलं. 'गदीर्'वर थांबला आणि हसू दाबत म्हणाला, "काकू, ओपन फाइल हाय का नुसती पीडीएफ?" ओपन फाइल आहे म्हटल्यावर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं हिशेब मांडायला लागला. १८४ पानं, सोळापानी साडेअकरा फर्मे. हक्काचं मिटेपर्यंत छापायचं नाही असं भाच्यानं बजावलंय, तोवर प्रुफं तरी बघून होतील. किती प्रती म्हणाला. शंभर म्हटलं. मग मी कागद किती जीएसएमचा ते विचारलं, बाइंडिंग कोण करणार ते विचारलं, करणाऱ्याचं नाव विचारलं, ॲडव्हान्सची पावती कुणाच्या सहीची ते विचारलं. पोरगं वैतागलं थोडं. मी तिथंच स्टुलावर बसून लाल पेन काढलं.