उरलेले रंग: गोधडी शिवावी की लोकरीचं पांघरूण विणावं?

एका पिशवीत ब्लाउजच्या कातरणी, विरलेल्या सुती साड्या, जुने सदरे. दुसरीत स्वेटर-टोप्यांतून उरलेले लोकरीचे गुंडे, काही जेमतेम दहा ग्रॅमचे. दोन्हींतून एकेक पांघरूण होऊ शकतं, आणि दोन्हींची मजा एकच आहे: दुकानात उभं राहून कुणीही निवडणार नाही असे रंग शेजारी येतात. आमसुलीला पोपटी खेटतो, अबोलीच्या कुशीत शेवाळी जातो, आणि चक्क शोभतो. आधी हात कुठल्या पिशवीत घालायचा, एवढाच प्रश्न. धावदोरा, सुलट-उलट आणि क्रोशाचा खांब येतो असं धरून चालतो.

रंग दोन्हीकडे सारखे वागत नाहीत. साडी-सदऱ्याचं कापड बहुधा छापील किंवा चौकडीचं असतं. एका तुकड्यातल्या फुलाचा देठ शेजारच्या तुकड्याच्या जमिनीशी जुळतो आणि भांडण तिथल्या तिथे मिटतं. लोकर मात्र सपाट, एकरंगी. डाळिंबीशेजारी मोरपंखी आला की दोघांची समजूत घालायला मधे कुणी नसतं. त्यामुळे लोकरीत आधी विचार करून मग विणावं लागतं. गोधडीत हात चालता ठेवून विचार करता येतो.

एक गोष्ट दोन्हींना लागू. आपण लाल, निळा, हिरवा अशा नावांनी निवडतो, पण लांबून डोळ्याला आधी दिसतो तो फिका-गडदपणा. सगळे तुकडे किंवा गुंडे जमिनीवर मांडून फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. फिके, मधले, गडद असे तीन ढीग लगेच वेगळे दिसतात. मधला ढीग बहुधा सर्वांत मोठा निघतो, आणि नुसत्या मधल्यांचं केलं की वीस रंग घालूनही पांघरूण गढूळ दिसतं. साधारण पाचवा हिस्सा तरी फिका हवा. गोधडीत तो जुन्या धोतरातून, पांढऱ्या सदऱ्यातून, मलमलीच्या झबल्यातून सहज मिळतो. लोकरीच्या पिशवीत फिके गुंडे क्वचितच उरतात, कारण पांढरी लोकर आधीच संपलेली असते.

मग विजोड रंग एकत्र बांधणारं काहीतरी लागतं. ग्रॅनी स्क्वेअरमध्ये, म्हणजे मधून बाहेर फेऱ्या घालत क्रोशाने विणलेल्या चौकोनात, ते काम शेवटची फेरी करते. प्रत्येक चौकोनाची बाहेरची फेरी एकाच रंगाची, बहुधा मोतिया किंवा करडी, आणि आतल्या फेऱ्या मिळेल त्या रंगाच्या. दिसायला हा उपाय उत्तम आहे, पण हिशेब करून बघा. चार फेऱ्यांच्या चौकोनात तीन-तीन खांबांचे गुच्छ पहिल्या फेरीत ४, मग ८, १२ आणि शेवटी १६. एकूण ४०, त्यांतले १६ बाहेरचे. म्हणजे उरलेल्या लोकरीचं म्हणवणाऱ्या पांघरुणात सुमारे ४० टक्के लोकर नवी आणायची, शिवाय चौकोन जोडायला लागेल ती वेगळी. तीही एकदमच, लेबलावरचा लॉट नंबर बघून. नंतर आणलेली लोकर त्याच नावाची असली तरी छटा हलते, आणि ते बाहेरच्या फेरीतच उठून दिसतं. याच हिशेबाची दुसरी बाजू: अगदी चिमूटभर उरलेला गुंडा मध्यातल्या पहिल्या फेरीत वापरा. तिसऱ्या फेरीला त्याच्या तिप्पट लोकर लागते.

गोधडीत बांधण्याचं काम धावदोरा करतो, आणि त्यासाठी तो एकाही तुकड्याची जागा अडवत नाही. पांढरा दोरा आमसुलीवर ठिपक्यांची रांग होतो, गुलबक्षीवर जरा मवाळ पडतो, पांढऱ्यावर गडप होतो. एकच ओळ सगळ्या रंगांवरून जाते, म्हणून रंग किती का विजोड असेनात, पृष्ठभाग एक वाटतो. लाल दोरा घेतला तर सगळी गोधडी उबदार झुकते, काळा घेतला तर रंग धारदार होतात. गोधडीची निम्मी रंगसंगती दोऱ्याच्या रिळातच ठरते, असं मला वाटतं.

इथपर्यंत दोघी तुल्यबळ म्हणता येतील. माझ्यासाठी तराजू कलला तो टोकांमुळे.

लोकरीत रंग बदलला की दोन टोकं लोंबतात, जुन्याचं एक आणि नव्याचं एक. चार रंगांच्या चौकोनाला आठ. दहा बाय बारा चौकोनांच्या पांघरुणाला ९६०. प्रत्येक टोक निदान १५ सेंटिमीटर ठेवावं लागतं, कारण आखूड टोक सुईत ओवता येत नाही. म्हणजे १४० मीटरच्या वर लोकर नुसती टोकांत जाते. ती लपवायची पद्धतही निवांत आहे. मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्यायची, टोक त्याच रंगाच्या खांबांच्या मुळातून चार-पाच सेंटिमीटर न्यायचं, एक धागा सोडून उलट दिशेने दोन-तीन सेंटिमीटर परत आणायचं, मग कापायचं. ‘त्याच रंगाच्या’ हे महत्त्वाचं. गडद टोक फिक्या फेरीत घुसवलं तर खांबांच्या फटींतून डोकावतं. एका टोकाला मिनिट धरलं तरी सोळा तास झाले, आणि या सोळा तासांत एकही नवा रंग हाताला लागत नाही.

चोरवाटा आहेत, पण प्रत्येकीला नाका आहे. नुसती गाठ मारली तर ती वापरात पुढच्या बाजूला येते किंवा घसरून सुटते. पुढची फेरी विणताना टोक पोटात घेत गेलं तर काम निम्मं होतं, मात्र कोपऱ्याजवळ कड जाड होते. म्हणून दर फेरीचा नवा रंग वेगळ्या कोपऱ्यात सुरू करावा. दोन टोकं ओली करून तळव्यांत चोळून एकजीव करायची युक्ती फक्त अस्सल, जमणाऱ्या (चोळल्यावर तंतू एकमेकांत घट्ट गुंतणाऱ्या) लोकरीत चालते. आपल्याकडच्या पिशवीत बहुतेक माल अ‍ॅक्रिलिक, आणि तो कितीही चोळा, जमत नाही. वर अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असल्यामुळे नीट लपवलेलं टोकही चार-सहा धुण्यांनंतर बाहेर येतं. टोक फेरीच्या सुरुवातीचं असेल तर मागोमाग खांबही सैल पडायला लागतात.

गोधडीत टोकं नसतात असं नाही. १.८ बाय २ मीटरच्या गोधडीत दोन सेंटिमीटरवर एक ओळ धरली तर सुमारे १८० मीटर धावदोरा घालावा लागतो. दोरा पाऊण मीटरहून लांब घेतला की पिळतो, गुंततो. त्यामुळे तीनशेच्या वर वेळा सुई ओवावी लागते आणि टोकं सहाशेच्या वर होतात. फरक असा की ती तिथल्या तिथे निकाली निघतात. दोऱ्याला छोटी गाठ मारायची, सुई दोन बोटं अलीकडून वरच्या थरातून आत घालायची, हलका झटका दिला की गाठ टक्‌ करून आत जाते आणि थरांमध्येच अडकते. संपतानाही तसंच. पाच-सात सेकंदांचं काम, आणि नंतरसाठी साठून राहत नाही. एखादं टोक सुटलंच तर बोटभर टाके उसवतात, शेजारच्या ओळी थर धरून असतात.

गोधडीचं दुसरं बळ म्हणजे वरचा थर आधी वेगळा जोडावा लागत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. काठ काढल्यावर पन्हा मीटरच्या आसपास उरतो. काठ ठेवू नका. मधल्या सांध्यात ते आले की सुई अडते, आणि जरीचे असतील तर टोचतात. त्यांचा उपयोग शेवटी गोट म्हणून करा. साडीचे १.८ मीटरचे तीन तुकडे पाडायचे, दोन-दोन शेजारी जोडायचे. दोन साड्यांत असे तीन थर निघतात: एक अस्तर, दोन पोटात. ते जमिनीवर ताणून, मधून बाहेर जात, वीतभर अंतरावर कच्चा टाका घाला. हा टाळला तर थर एकमेकांवर सरकतात आणि पोटातला झोळ नंतर कशानेही निघत नाही. अस्तराची कड दोन बोटं वर दुमडून घ्या.

मग कोपऱ्यापासून ठिगळं लावत सुटायचं. ठिगळाची कड सेंटिमीटरभर आत दुमडायची, आधीच्या ठिगळाच्या कच्च्या कडेवर दोन सेंटिमीटर चढवायची, आणि जो धावदोरा थर शिवतो त्यानेच ती पक्की करायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. कडेने चौकटीत फिरत मध्याकडे जायचं, म्हणजे वरचं कापड पुढे ढकललं जाऊन सुरकुती मध्याला गोळा होते आणि शेवटच्या ठिगळाखाली जिरते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या स्त्रिया कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, याच क्रमाने शिवतात, कडेकडून आत, आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी ‘फुलं’ लावतात.

रंगांच्या दृष्टीने या पद्धतीचा फायदा मोठा आहे. पुढचं ठिगळ कुठलं, हे आधीचं शिवून झाल्यावर ठरवता येतं. चौकोन आधी विणून ठेवले तर शेवटी मांडणीचं कोडं सोडवावं लागतं, आणि दोन जांभळे शेजारी येऊ नयेत म्हणून रात्र जाते. दोन पथ्यं पाळा. चार ठिगळांचे कोपरे एका जागी येऊ देऊ नका, तिथे आठ-नऊ पदरी जाडी होते आणि सुई वाकते. आणि चार बोटांहून लहान तुकडा घेऊ नका. दोन्हीकडच्या दुमडी गेल्यावर दिसायला काही उरत नाही.

आता गोधडीचे दोष. पहिला रंग जाण्याचा. गुळेदगुड्डचा खण, इरकलीचा लाल, गडद निळं, काळं यांचा भरवसा धरू नये. तुकडा पांढऱ्या वाडग्यात साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग ओला असतानाच पांढऱ्या कापडात दाबा. डाग उठला तर पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा, तरी उठला तर तो तुकडा बाजूला. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने सुती कापडावरचा आधीचा रंग पक्का होतो, यावर विसंबू नका. नवं सुती कापड न धुता जुन्याशेजारी लावलं तर पहिल्याच धुण्यात आकसतं आणि ठिगळ चुरगळतं. जॉर्जेट, नायलॉन यांना या कामात जागा नाही. कड दुमडून राहत नाही.

दुसरा दोष वजनाचा. दीड-दोन किलोची गोधडी ओली झाली की पिळायला दोघं लागतात, आणि कोकणात आषाढात ती वाळत नाही, कुबट होते. शिवाय ती जमिनीवर पसरून बसल्याशिवाय शिवता येत नाही, गुडघे आणि पाठ बोलायला लागतात. लोकर इथे सरळ जिंकते. एक चौकोन पर्समध्ये मावतो, लोकलमध्ये विणता येतो आणि रंग आवडला नाही तर उसवून परत गुंडा करता येतो. कापलेलं कापड परत जोडत नाही. पांघरूण ठाण्यात नाही, टोरांटोत किंवा लंडनमध्ये वापरायचं असेल तर लोकरीची ऊब कारणी लागते. मुंबईत अ‍ॅक्रिलिक अंगावर घेतलं की घाम फुटतो.

म्हणून प्रवासात हात मोकळे असणाऱ्यांनी, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी किंवा थंड मुलुखात राहणाऱ्यांनी लोकर घ्यायला हरकत नाही. फक्त ग्रॅनी स्क्वेअरऐवजी कोपऱ्यातून दुमडणारा सुलट चौकोन विणा. ३१ टाके घालायचे, सगळ्या ओळी सुलट, आणि दर दुसऱ्या ओळीत मधले तीन टाके एकत्र. पंधरा घटींनंतर एक टाका उरतो. चौकोनाला एकच रंग, म्हणजे टोकं फक्त दोन. पुढचा चौकोन आधीच्याच्या कडेवरून टाके उचलून सुरू करा, शिवण वाचते. पहिला चौकोन दागिन्यांच्या काट्यावर तोला, मग कुठला गुंडा पुरेल आणि कुठला नाही हे आधीच कळतं. जाडी मात्र एकच हवी: तीन प्लाय आणि चार प्लाय मिसळले तर चौकोन लहान-मोठे होऊन पांघरूण फुगतं. अस्सल लोकर कुठली, अ‍ॅक्रिलिक कुठलं, हे ठाऊक नसेल तर इंचभर धागा चिमट्यात धरून जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. दोन्ही एकत्र विणू नका. गरम पाण्यात लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं.

बाकीच्यांनी थेट गोधडीला लागावं, पण पूर्ण मापाला नाही. मीटर बाय मीटरचं दुपटं घ्या: एका साडीत तिन्ही थर निघतात, दीडेक बोटाच्या ठिगळांचा मोह टाळला तर तीस-चाळीस ठिगळांत वरचं अंग भरतं, आणि पांढऱ्या दोऱ्याऐवजी एकदा लाल दोरा लावून बघता येतो.