गावच्या शाळेसाठी पैसे जमलेत, पण लॅपटॉप, कोलिब्री, किविक्स की टॅबवाले गट?

आमच्या दहावीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एकदम जोर आला, गावच्या झेडपी शाळेला काहीतरी डिजिटल द्यायचंच, पैसेही बऱ्यापैकी जमले आणि मग नेहमीचं सुरू झालं, एक म्हणतो तीस टॅब घेऊ, दुसरा म्हणतो लॅपटॉप, तिसऱ्याचा मेहुणा कॉम्प्युटर विकतो त्यामुळे त्याचं कोटेशन आधीच तयार. मी आयटीत म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले, तर जगभरच्या ना-नफा संस्थांनी या भानगडीत काय काय करून बघितलंय ते जरा वाचून काढलं. तुमच्याही गावात हेच चाललं असेल तर उपयोगी पडेल.

पहिला पर्याय सगळ्यांना आवडतो, दर पोरामागे एक मशिन. हे वन लॅपटॉप पर चाइल्ड नावाच्या अमेरिकन संस्थेनं करून बघितलंय, तिचे संस्थापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, प्रत्यक्षात तो २०० च्या आसपास गेला. आणि लांब कशाला, भारतातला त्यांचा पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगडमधल्या कर्जतजवळ एका धनगरवाड्यावर झाला, वीसेक पोरांची एकशिक्षकी शाळा. पेरूनं तर आठ लाखांच्या वर लॅपटॉप घेतले आणि २०१२ मध्ये तिथल्या खेड्यांतल्या ३१९ शाळांचा अभ्यास बाहेर आला, त्यात गणित आणि भाषेच्या मार्कांत फरक शून्य. पोरांना लॅपटॉप चालवता यायला लागला हे खरं, पण शाळेत त्याचं करायचं काय हे शिक्षकांना कुणी नीट शिकवलंच नव्हतं. उरुग्वेनं हेच लॅपटॉप घेतले पण मागे सरकारी यंत्रणा उभी केली, कनेक्शन, दुरुस्ती, ट्रेनिंग, सगळं. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपकडून ते होणार आहे का, प्रामाणिकपणे सांगा. आमच्या शेजारच्या वाडीत एका संस्थेनं दिलेले टॅब अजून कपाटात आहेत, स्टिकरसकट, कारण हरवला तर भरपाई कोण देणार या भीतीनं सर ते बाहेरच काढत नाहीत, आणि त्यांना तरी दोष कसा देणार.

दुसरा पर्याय कोलिब्री, म्हणजे नेटशिवाय चालणारं शिकण्याचं सॉफ्टवेअर. मला स्वतःला हा सगळ्यात जास्त पटला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खान अकॅडमीचे व्हिडिओ छान पण नेट लागतं, तर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही विद्यार्थ्यांनी ते नेटशिवाय चालावेत म्हणून केए लाइट बनवलं, त्यातून लर्निंग इक्वॅलिटी ही संस्था निघाली आणि पुढे कोलिब्री आलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा स्वस्त कॉम्प्युटरवर टाकायचं, साधा वायफाय राउटर लावायचा, पोरांकडं जे काही असेल, टॅब, मोबाइल, त्यावरून उघडायचं, नेट नको, फक्त वीज पाहिजे. नवीन सामान पेनड्राइव्हवरनं भरता येतं. खरी गंमत म्हणजे सर त्यात वर्ग बनवू शकतात, धडे नेमून देऊ शकतात, छोट्या चाचण्या लावू शकतात आणि कुठलं पोरगं कुठं अडलं ते त्यांना दिसतं. सगळी बटणं मराठीत मिळतात, पण आतला मजकूर मराठीत कमी, गणिताचा बराचसा इंग्रजी नाहीतर हिंदी. म्हणजे पाचवीच्या खालच्या पोरांना सोबत कुणीतरी लागणारच. सरांनी स्वतः शूट केलेले व्हिडिओ मात्र त्यात टाकता येतात, आणि हे मी ग्रुपवर सांगितल्यावर आमच्या शाळेतल्या एका बाई लगेच तयार झाल्या, अपूर्णांक भाकरीवर शिकवतात त्या.

तिसरा पर्याय किविक्स, त्याबद्दल थोडक्यात. २००७ पासूनचा हा प्रकल्प, आता स्वित्झर्लंडमधली संस्था चालवते, अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये भरून ऑफलाइन देते. इंग्रजीची चित्रांसकट फाइल १०० जीबीच्या आसपास जाते, मराठीची त्यामानानं अगदी किरकोळ, साध्या मोबाइलवर मावते. आठवी-नववीच्या प्रकल्पांना झकास. पण ही लायब्ररी आहे, कुणी शिकवत नाही, कुणाचं किती झालं ते कळत नाही, आणि मराठी लेख कुठं भरगच्च तर कुठं दोन ओळी. लहान पोरांसाठी त्याच्या जोडीला स्टोरीवीव्हर ठेवा, प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं, मराठी गोष्टींची चित्रांची पुस्तकं मोफत, डाउनलोड करा, छापा, काही अडचण नाही. फुकटात एवढं होतं.

चौथा पर्याय म्हणजे प्रथमची पद्धत. ही प्रथम संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांची, खेड्यातल्या पोरांना वाचन-गणित किती येतं ते तपासणारा असरचा रिपोर्ट काढणारी तीच. त्यांनी टॅब पोराला न देता वस्तीला दिले, पाच-सहा पोरांचा गट, एक टॅब, शाळा सुटल्यावर कुणाच्या तरी ओट्यावर, आणि गावातलाच एखादा तरुण किंवा एखादी आई लक्ष ठेवायला. तीस पोरांना तीस ऐवजी पाच-सहा टॅब लागतात, हिशोब तुम्हीच करा. तोटा असा की ते लक्ष ठेवणारं माणूस टिकलं पाहिजे, पोरगी बारावी होऊन तालुक्याला गेली की गट बंद.

त्याच असरचा २०२४ चा आकडा बघा, खेड्यातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के पोरांच्या घरात स्मार्टफोन आहे, आणि ज्यांना तो वापरता येतो त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे मोठ्या पोरांसाठी मशिन बहुतेक घरांत आलेलंच आहे (ते दिवसभर बापाच्या खिशात असतं ही गोष्ट वेगळी). कोविडमध्ये बोट्स्वानात यंग लव्ह नावाच्या संस्थेनं तर फक्त साधे फोन वापरले, काही घरांना नुसता गणिताचा एसएमएस, काहींना एसएमएस आणि आठवड्यातून एक पंधरा-वीस मिनिटांचा कॉल. नुसत्या एसएमएसनं काही विशेष झालं नाही, कॉलवाल्या पोरांचं गणित सुधारलं. मला या सगळ्या वाचनात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

त्यामुळे माझं मत असं, शाळेत एक तरी शिक्षक मनापासून तयार असेल तर कोलिब्री, आणि पैसे जुन्या लॅपटॉपवर, राउटरवर आणि चांगल्या इन्व्हर्टरवर घाला, लोडशेडिंगनं सगळं मेलं तर शिव्या आपल्यालाच. शिक्षक तयार नसतील पण वाडीत कॉलेजची दोन-चार पोरं-पोरी असतील तर टॅबवाले गट, आणि त्यांना महिन्याचं काहीतरी मानधन द्या, फुकट किती दिवस करतील. यातलं कुणीच नसेल तर किविक्स आणि स्टोरीवीव्हरवर थांबा, उरलेले पैसे बँकेत राहू द्या, काही बिघडत नाही. दर पोरामागे एक मशिन मात्र नकोच, मेहुण्याला वाईट वाटलं तरी.

आमच्या बाई तयार आहेत, त्यामुळे आमचं कोलिब्री ठरलं. माझा जुना लॅपटॉप फॉरमॅट करून ठेवलाय, दिवाळीला गावी जाईन तेव्हा घेऊन जातो. फक्त राउटर रात्री कुणाच्या घरी ठेवायचा यावर ग्रुपवर अजून भांडण चालू आहे.